सूर्यकांतने गाडी पात्रात लावली

सूर्यकांत खेडेकर आखातात, उम्म अल कुवैनच्या एका फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे, आणि या माणसाने आजवर तिथे कुणाला सुखाने चहा पिऊ दिलेला नाही. कप तोंडाला लागायचा अवकाश, याची शिट्टी वाजलीच. फायर ड्रिल! लोक मनातून वैतागतात. पण एका उन्हाळ्यात गोडाऊन पेटलं तेव्हा सगळे धडधाकट बाहेर आले होते, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोलत नाही.

शारजात, रोल्ला भागातल्या त्याच्या घरीही तोच खाक्या. घरातल्या कुणीही 'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', म्हटलं की हातातलं टाकून बाहेर पडायचं. का, कशाला, ते नंतर. एकदा बायको, साधना, आमटीला फोडणी देत असताना त्याने 'यल्ला' केलं. तिने मुकाट्याने गॅस बंद केला, दोन्ही पोरांना घेऊन चार जिने उतरली, आणि खाली उभी राहून नवऱ्याला असं सुनावलं की शेजारच्या मल्याळी बाईला मराठी येत नसूनही सगळं समजलं.

एवढ्या सावध माणसाची एकच हळवी जागा, वाहतं पाणी. चिपळूणजवळच्या त्याच्या घरामागून पऱ्या वाहायचा, आणि इथे पाणी म्हणजे नळाचं नाहीतर समुद्राचं. वर्षातून एखाद-दोनदा पूर्वेच्या डोंगरांत पाऊस होतो आणि वादीत, म्हणजे तिथल्या कोरड्या नदीपात्रात, पाणी खेळू लागतं. ते कळलं की हा अगदी वेडावून जातो.

त्या शनिवारी सकाळी मोबाईलवर सरकारी इशारा आला. डोंगरात पाऊस आहे, वादीत उतरू नका. सूर्यकांतने तो इमानाने फॅक्टरीच्या ग्रुपवर टाकला, खाली 'स्ट्रिक्टली फॉलो करा' असंही लिहिलं, आणि तासाभरात बायकापोरांना गाडीत घालून डोंगरातल्या फुजैराच्या रस्त्याला लागला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

"अहो, तुम्हीच मेसेज टाकलात ना?" साधनाने विचारलं.

"अगं, पाऊस रात्रीच खलास झाला. ऊन बघ कसं पडलंय. आणि पुराचं मला नको शिकवू, मी चिपळूणचा आहे."

नडलं ते हेच. चिपळूणचा पूर डोक्यावर धो धो कोसळत, सांगून-सवरून येतो. इकडच्या डोंगरावर ना झाड ना माती. पाऊस लांब कुठेतरी पडतो, मुरत कुठेच नाही, आणि निरभ्र आभाळाखाली सगळं पाणी एकदम अंगावर येतं. हे त्याने ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. शेवटी टाळ्याही वाजवल्या होत्या.

खुर्च्या लांब वाहायला नकोत म्हणून त्याने गाडी थेट पात्रात नेऊन लावली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात पाय सोडून बसला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तो फार सुखात होता. धाकटा वेदांग दगड रचत होता, थोरली सृष्टी फोटो काढत होती.

थालीपिठाचा डबा उघडण्याआधी साधना हात धुवायला वाकली. पाणी गढूळ झालं होतं. वरून काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या वाहत येत होत्या. तिने वर पाहिलं, आभाळ स्वच्छ. काय झालंय हे तिला कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं.

"यल्ला!" ती ओरडली.

वेदांगने हातातला दगड टाकला, सृष्टीने वळूनही न बघता कडेचा चढ धरला. बसून राहिला तो एकटा सेफ्टी ऑफिसर.

"अगं, वर कुणी शेळ्या उतरवल्या असतील. बस गं, इतक्या लांब आलोय—"

"नंतर बोला!" साधनाने त्याच्या शर्टाची कॉलर पकडली आणि ओढतच त्याला चढावर नेलं. "माझ्या चपला," तो म्हणत होता, "गाडीची चावी..."

ते वर पोचतात न पोचतात तोच ट्रकभर खडी ओतावी तसा आवाज झाला. वळणावरून तपकिरी पाणी आलं, दगडधोंडे घेऊन, पुरुषभर उंच. खुर्च्या गेल्या, डबा गेला. गाडी उचलली गेली, आडवी झाली आणि दिसेनाशी झाली.

"बाबा, अवर कार!" वेदांग किंचाळला.

सूर्यकांत गाडीकडे बघतच नव्हता. तो माणसं मोजत होता. सृष्टी. वेदांग. साधना. पुन्हा सृष्टी. काळ आला होता, वेळ आली नव्हती. आणि त्या काळाच्या दारात या तिघांना आपणच हौसेने आणून बसवलं होतं, हे त्याला लख्ख दिसलं. तो खाली बसला आणि साधनाच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर त्याने डोकं टेकलं.

"अहो, काय करताय! पोरं बघतायत."

"बघू देत. कुणामुळे जगलो ते कळू दे त्यांना."

ती पाय मागे घ्यायला गेली, पण त्याने घट्ट धरून ठेवले होते. मग तीही तिथेच खडकावर बसली, त्याच्या केसांत हात घालून, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिने मोकळं सोडलं.