सकाळी बागेत, दुपारी दिल्लीत

काही प्रकरणं फाईल बंद झाली तरी मनातून जात नाहीत. मध्य प्रदेशात, नागपूरच्या सीमेलगत असलेल्या सौंसर पोलीस ठाण्यातलं, ऐंशीच्या दशकातलं हे प्रकरण तसंच.

संत्र्याच्या एका बागेत सकाळीच एका मजुराच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला गेला. बागेच्या विहिरीचं पाणी त्यानं घेतलं, एवढंच कारण. नागपूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. त्याच्या बायकोनं सारं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं ठाण्यात येऊन थेट बागमालकाचं नाव घेतलं. मी फिर्याद नोंदवली.

दुसऱ्या दिवशी कळलं, मालक दिल्लीत आहे. घटनेच्याच दिवशी, दुपार कलताना, तिथल्या एका लग्नात बड्या बड्या पाहुण्यांनी त्याला पाहिलं होतं.

वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "पांढुर्ण्याहून दिल्ली म्हणजे रेल्वेचा जवळजवळ एक दिवस. हा सकाळी बागेत कसा असेल? नाव वगळा."

"तपास झाल्याशिवाय वगळणार नाही, सर."

"मग बदलीची तयारी ठेवा."

"पेटी भरलेलीच असते."

त्या बाईला मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सारं गाव सांगून राहिलं, का नाव बदल. मी नाही बदलत, साहेब. तुमाले लिहायचं नसन तर तसं सांगा."

खबर दिली ती नागपूर बसच्या कंडक्टरनं. त्या सकाळी लोधीखेड्याजवळ मालकाची जीप त्याच्या बसला घासून पुढं गेली होती, नागपूरकडं. मी जीपच्या ड्रायव्हरला ठाण्यात बसवलं. मारझोड केली नाही, चहा दिला.

"मालक दिल्लीला कधी गेले?"

"आदल्या दिवशी, साहेब. पांढुर्ण्याहून रेल्वेनं."

"मग सकाळी जीपमध्ये कोण होतं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. खोटं पढवलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पढवलेला नसतो. शेवटी म्हणाला, "मालकाले विमानतळावर सोडलं, साहेब. माहे लेकरं लहान आहेत."

तेव्हा आमच्या भागात विमानात बसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. मीही बसलो नव्हतो. नागपूरला जाऊन विचारलं. विमान सरळ जातं, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, आणि दीड तासात दिल्लीला उतरतं. मालकानं मेव्हण्याच्या नावानं तिकीट काढलं होतं. पण संत्र्यांची टोपली हातात नेऊ देईनात म्हणून तो तिथं भांडला होता. तिथल्या कर्मचाऱ्यानं ओळखपरेडमध्ये त्याला लगेच ओळखलं.

कोर्टात बचावाच्या वकिलानं बाईला विचारलं, "दिल्ली किती दूर आहे, माहीत आहे का?"

"मले दिल्ली नाही मालूम," ती म्हणाली. "माह्या माणसाले कोणी मारलं, ते मालूम आहे."

मालकाला शिक्षा झाली. माझी बदली निकालाच्याही आधीच झाली होती.

या प्रकरणानं एक शिकवलं. साक्षीदार अनवाणी असेल आणि आरोपीमागं प्रतिष्ठित मंडळी उभी असतील, तर अधिकाऱ्यानं आधी प्रतिष्ठितांचं म्हणणं तपासावं. पुढं नोकरीभर मी तेच केलं. त्यापायी आणखी बदल्या झाल्या. झाल्या तर झाल्या.