ड्यूटी बदलायची वेळ

सरकारी इस्पितळाच्या तळघरात जुन्या फाइली सांभाळणाऱ्या माणसाला सगळे फाइलकाका म्हणत. "माणूस हरवेल, पण त्याची फाइल काका हुडकून देतील," असं नर्स हसून म्हणायच्या. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको याच इस्पितळात गेली. पोटात दुखतंय म्हणून दुपारी आणली, दिवेलागणीला सगळं संपलं. तेव्हापासून काका वेळेवर कामावर यायचे, जेवायचे, झोपायचे. पण कुणी काही विचारलं तर "बरं आहे" यापलीकडे गाडी सरकत नसे. परगावच्या मुलीने एकदाच विचारलं होतं, "बाबा, तुम्ही तिथलेच ना? तुम्हाला एक डॉक्टर बोलावता आला नाही?" त्यानंतर बापलेकीत तब्येत आणि हवापाणी एवढंच बोलणं उरलं.

यंदा विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. आणल्यापासून चोवीस तासांच्या आत दगावलेल्या रुग्णांच्या पाच वर्षांच्या फाइली त्यांना हव्या होत्या. किती वाजता आणलं, डॉक्टरांनी किती वाजता पाहिलं, एवढंच टिपायचं होतं. काका फाइली काढून द्यायचे, बाई लॅपटॉपवर वेळा भरायच्या. आठव्या दिवशी काकांनी एक गठ्ठा टेबलावर ठेवला.

"वरची माझ्या मिसेसची आहे."

बाईंचे हात थांबले. "ही वगळते मी, काका."

"कशाला? एक कमी भरेल."

"मग तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"नको. वाचा तुम्ही."

आणलं एक चाळीसला. डॉक्टरांनी पाहिलं चार दहाला. मधे दोन वाजता ड्यूटी बदलली होती. बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही होतात तेव्हा?"

"खाटेशीच होतो. दोनदा विचारलं. आधीचे म्हणाले, पुढचे डॉक्टर बघतील. पुढचे म्हणाले, आधीच्यांनी बघितलंय. मला वाटलं, आपलीच माणसं आहेत, कशाला आरडाओरडा करायचा."

परक्याची फाइल वाचून दाखवावी तसा त्यांचा आवाज सपाट होता. बाईंनी दोन्ही वेळा भरल्या. काकांनी पुढची फाइल सरकवली.

सहा महिन्यांनी अभ्यास छापून आला. ड्यूटी बदलण्याच्या सुमारास आणलेल्या एकशे बारा जणांना डॉक्टर भेटायला इतरांच्या दुप्पट वेळ लागला होता. मोठ्या डॉक्टरांनी नियम लावला: दोन्ही पाळ्यांच्या डॉक्टरांनी अर्धा तास एकत्र थांबायचं, एकेक रुग्ण दाखवून सोपवायचा, सही करायची. थोडी कुरकुर झाली, पण नियम टिकला.

काकांनी तो अहवाल मुलीला पाठवला. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"वाचलं मी," ती म्हणाली. "तुम्हाला तसं बोलायला नको होतं मी."

"आरडाओरडा करायला हवा होता मी."

"केला असतात तरी..."

"कुणास ठाऊक."

"बाबा, तुम्ही रडलात का हो कधी?"

काकांनी आठवून पाहिलं. "नाही गं. रडू यायला हवं, पण येत नाही."

"मी येते," मुलगी म्हणाली. "चार दिवस राहते."

काका "बरं" म्हणाले. फोन ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर साठलेले कपडे उचलू लागले.