एकोडीला धाडलेला खोटा निरोप

...तर कावळा काही उडेना, इथवर काल आलो होतो. निर्मलाबाई हापशीवर भांडी घासत बसलेली, आणि कावळा सरळ तिच्या डोक्यावर, जशी काही ती बाभळीची फांदीच आहे. तिनं हातातलं गंज, म्हणजे पातेलं, भिरकावलं. गंज शेजारच्या बेबीबाईच्या कोंबड्यांत जाऊन पडलं, कोंबड्या ओरडल्या, तेव्हा कुठे स्वारी उठली.

हसू नका. आसगावात डोक्यावर कावळा बसणं म्हणजे माणसाची घटका भरली असं आजही मानतात. त्यावर उतारा एकच. जवळच्या माणसांना निरोप धाडायचा की बाई गेली. त्यांनी खरं समजून रडायचं. अश्रू पडले की अरिष्ट टळलं. मग दुसरा निरोप, की बाई धडधाकट आहे, आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. त्यातही रडणारा माहेरचा असला तर उतारा पक्का.

निर्मलाबाईचं माहेर एकोडी. आई लवकर गेली, तेव्हा पाठचा भाऊ कैलाश रांगत होता. त्याला कडेवर घेऊन ती धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात उतरायची, त्याला धुऱ्यावर, कडेच्या बांधावर बसवून रोवणा करायची, वाकून रोपं लावायची. लग्नात मांडवातून निघताना हा पोरगा तिच्या पदराला असा लोंबकळला की शेवटी वऱ्हाडाबरोबर त्यालाही बैलगाडीत घालावं लागलं. महिनाभर आसगावात राहिला आणि सगळ्यांचे लाडू खाऊन परत गेला. तिला स्वतःचं मूल झालं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक वाढवला ना जी मी. एकोडीले हाये."

तेव्हा खोटा निरोप जायचा तो कैलाशलाच, यात कोणाला काही विचारायचं नव्हतं.

फोन केला तिच्या नवऱ्यानं, इश्वरनं. इश्वर म्हणजे गावच्या नाटकातला जुना नट, तरुणपणी बायकांची कामं करायचा. कपाळ बडवायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून बटनाचा मोबाइल स्पीकरवर टाकून पुतणीच्या हातात दिला. पुतणी गुंजन, तेव्हा चौथीतली.

"कैलाश रे! तुही बहीण गेली रे आपल्याले टाकून!"

असा टाहो फोडला की दारात उभी बेबीबाई, जिला सारं नाटक ठाऊक होतं, तीच पदर तोंडात कोंबून रडायला लागली. निर्मलाबाई तिला कोपरानं ढोसत होती, "अवं गप, मी हाओ ना जित्ती!" आणि स्वतः हसू दाबत भावाच्या रडण्याची वाट पाहत होती.

 फोनमधून कैलाशचा आवाज आला. बहिणीच्या नवऱ्याला तिकडे भाटवे म्हणतात.

"भाटवे, तळ्याखालच्या बांधीत रोवणा सुरू हाये. बाया लागल्या हायेत. आता त निघनं होत नाही. तुमी उरकून घ्या. दहाव्याले येऊन जातो."

इश्वरचे हात कपाळापाशीच राहिले. निर्मलाबाईनं गुंजनच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि बंद केला. बेबीबाई डोळे पुसत घरी गेली. तिला स्वतःच्या हुंदक्यांत काही ऐकूच आलं नव्हतं. निर्मलाबाईनं हापशीवर जाऊन उरलेली भांडी घासली. नंतर गुंजनला जवळ घेऊन म्हणाली, "कोणाले सांगशीन नोको, बाई." गुंजननं मान हलवली.

संध्याकाळी इश्वरनं खरं सांगायला फोन केला, तर कैलाशची बायको म्हणे, "आमी त रडून रडून अर्धे झालो जी!" झालं. निर्मलाबाईनं ते उचललं आणि गावभर केलं. म्हणे, माझा भाऊ बातमी ऐकून बांधीतल्या चिखलात लोळला, बायांनी त्याला ओढून धुऱ्यावर आणला. दर रोवण्याला वाकल्या वाकल्या ती हे सांगायची, आणि दर वर्षी कैलाश थोडा जास्त लोळायचा. भाऊबीजेला एकोडीत बसूनही सांगायची. कैलाश खाली मान घालून ऐकायचा.

आता तीच गुंजन भंडाऱ्याला कॉलेजात आहे. मैत्रिणीबरोबर खोली करून राहते आणि मोबाइलवर बोटानं चित्रं काढते. एका वेबकॉमिकमध्ये आहे ती, म्हणजे मोबाइलवर दर रविवारी थोडी थोडी येणारी चित्रकथा. पाच गावचे पाच जण मिळून ती रचतात, एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. प्रत्येकाचं एक पात्र. गुंजनचं पात्र म्हणजे डोक्यावर कावळा घेऊन फिरणारी एक लढवय्यी बाई, कावळी. कोणाला जवळ येऊ देत नाही, कोणाशी गोड बोलत नाही.

मंडळीची मुख्य टीना, पुण्याची. तिनं विचारलं, "कावळी एवढी कडू का? तिचा दुःखी भूतकाळ पाठव."

गुंजननं पुरात कावळीचे आई-बाप बुडवून पाठवले.

टीनाचं उत्तर आलं, "अगं, आपल्या कथेत एकाचेही आई-बाप जिवंत ठेवलेले नाहीत आपण. दुसरं काहीतरी आण. खरं वाटेल असं."

गुंजननं मग नवऱ्याचा विश्वासघात पाठवला, गाव जाळून पाहिलं. टीना म्हणे, "पाहिलेलं आहे." तेव्हा एका दुपारी, जेवण झाल्यावर, गुंजननं एकोडीचा फोन लिहून टाकला. तळ्याखालची बांधी, भाटवे, दहाव्याले येऊन जातो, शब्द तसेच्या तसे. धाडताना निर्मलाबाईला दिलेली कबुली आठवली नाही असं नव्हतं. बोट क्षणभर थांबलं होतं. तरी धाडलं. टीनानं लिहिलं, "बाप रे, हे तुला सुचलं कसं?" आणि गुंजननं उत्तर दिलं, "असंच."

त्या "असंच"ची लाज पुढे सगळ्यात जास्त वाटायची होती. त्या वेळी मात्र छाती फुगली होती. रविवारी भाग आला. इतर वेळी लोक आवडल्याचा अंगठा टाकून पुढे जात, या वेळी त्यांनी खाली लिहून लिहून रडून घेतलं. कोणी नाशिकहून, कोणी दुबईहून. गुंजन सोमवारी वर्गात बाकाखाली मोबाइल धरून एकेकाचं रडणं वाचत होती आणि तिला बरं वाटत होतं.

दिवाळीला ती आसगावला आली आणि दुसऱ्याच दिवशी कैलाशच्या मुलीचा, शुभांगीचा निरोप आला.

"तुमची चित्रकथा वाचली. ही आमच्या आत्याची गोष्ट आहे ना? पण आमच्या घरी तर पप्पा बांधीत लोळले असं सांगतात. मग कोणतं खरं? पप्पाले विचारू का?"

भाऊबीज परवावर आली होती. गुंजनचे कान तापले. "मी मनानं रचलं" एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. तिनं ते लिहिलंही, आणि पुसलं. "थांब, विचारू नको," एवढंच धाडून ती मोठ्या आईकडे, म्हणजे निर्मलाबाईकडे गेली.

निर्मलाबाई ओसरीत नव्या धानाचे पोहे पाखडत होती. भावाला न्यायचे होते. पिशवीत चकल्यांचा डबा, भाचीला ओढणी.

"ये वं. कॉलेजवाल्या पोरी सण पाहूनच येतात घरी," ती म्हणाली. "पोहे खातं का?"

गुंजननं खाली पाहत सगळं सांगितलं. सूप थांबलं. मग निर्मलाबाई म्हणाली, "दाखव."

गुंजननं मोबाइल पुढे केला. निर्मलाबाईनं चित्रं पाहिली. कावळीच्या हनुवटीवर तिचंच गोंदण होतं. ते गुंजनच्याही आत्ताच लक्षात आलं, आणि तिला मोबाइल हिसकावून घ्यावासा वाटला.

"हे खाली काय लिवलं हाये?"

"लोकं... रडले म्हणते, मोठी आई."

"ओळखीचे?"

"नाही. कोणीच नाही."

"अन् तुले चांगलं वाटलं."

 "मी काढून टाकतो," गुंजन पुटपुटली. "टीनाले सांगतो, खोटं होतं म्हणून. शुभांगीलेही सांगतो. तुम्ही एकोडीले जा, कोणी काही विचारणार नाही."

निर्मलाबाईनं पोह्यांतला एक खडा शोधून अंगणात फेकला. सूप परत हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

"काढून टाकू नोको," ती म्हणाली. "शुभांगीले सांग, दोन्ही खरं हाये. फोनवर दहाव्याले येतो मनला, अन् फोन ठेवल्यावर चिखलात लोळून रडला. तुनं आयकलं तेवढं चित्रात काढलं, आता त्याच्या म्होरचं काढ. रडला असंन, नसंन बी. पर इतके वर्सं मी एकटीच त्याले रडवत आली ना, आता तू रडव."