‘सेट’चा तास

आत्याच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की समोरच्या फळीवरून दहा-बारा जबडे दात विचकून स्वागत करतात. पांढऱ्या प्लास्टरचे जबडे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली ओळख: ‘घाईवाले’, ‘चिडके’, ‘टोपीवाले आजोबा’. आत्याच्या लक्षात नावं राहत नाहीत, दात राहतात. रस्त्यात कोणी हसून ओळख दाखवली की ती चेहऱ्याकडे न बघता सांगते, “हां, वरचा सेट माझा. खालचा दुसरीकडून केलात ना?”

लोक जिला कवळी म्हणतात तिला लॅबमध्ये सेट म्हणतात. हा शब्द आत्याच्या तोंडात दिवसभर असतो. प्लास्टर सेट झालं का, हे ती साचा गालाला लावून बघते; घट्ट होताना ते चांगलं गरम होतं. मग गुलाबी मेणात एकेक दात सेट करायचा, गरम पाण्याच्या टाकीचं तापमान सेट करायचं. आणि हीच बाई शाळेत इंग्रजीत नापास झाली होती. शिकवायला कोण? तिचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका.

काकांचा ‘सेट’चा तास शाळेत गाजलेला होता. वर्ष संपत आलं की ते पुस्तक मिटायचे आणि एवढ्याशा शब्दावर अख्खा तास बोलायचे. पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत. आत्या त्या वर्गात होती, पण नेमकी त्या दिवशी दाढ धरून घरी बसली होती. “त्या दाढेनेच मला या धंद्यात ओढलं,” असं ती सांगते. तो तास मात्र राहून गेला तो गेलाच.

पुढे काका निवृत्त झाले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे दातही. दोन ठिकाणी कवळ्या करून झाल्या. एक टोचायची, दुसरी शिंकेबरोबर बाहेर यायची. दोन्ही कपाटातल्या वाटीत जाऊन बसल्या आणि काका गप्प झाले. ज्यांना गप्प करायला मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागायची, ते आता ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ एवढ्यावर भागवू लागले. तेही तोंडावर हात धरून.

“घरात रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं हो,” काकू एकदा आत्याला म्हणाल्या. “इतकी वर्षं कटकट वाटायची. आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.”

अशात जुने विद्यार्थी घरी आले. शाळेच्या सभागृहात सगळे जमणार होते आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती. “सर, ‘सेट’चा तास पुन्हा घ्या.” काकांचे डोळे क्षणभर चमकले. मग हात तोंडावर गेला. “बघू.”

“बघू नाही, येतोय म्हणून सांग,” आत्या म्हणाली. “दात मी देते.”

आता आत्याचा एक नियम आहे. दात मेणात असतानाच माणसाला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवायचं आणि साठपासून सत्तरपर्यंत अंक मोठ्याने म्हणायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, सदुसष्ट. एकेका अंकात ‘स’ आणि ‘ष्ट’ ठासून भरलेले. चूक असली की तिथेच कळते, आणि मेण असल्यामुळे दात हलवता येतात. पुढे मेणाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, शिजून कडक झालं की खेळ खलास. हा नियम तिने बड्याबड्या वकिलांसाठीसुद्धा मोडला नव्हता.

भावासाठी मोडला. एकदा माप दिल्यावर काका पुन्हा त्या खुर्चीत तोंड उघडून बसायला तयार होईनात. “तुझ्यावर विश्वास आहे,” म्हणाले. बारा वर्षांनी मोठा भाऊ असं म्हणाल्यावर धाकटी बहीण काय बोलणार? शिवाय घरचंच तोंड, लहानपणापासून बघितलेलं. तिने मन लावून दात रचले. एकाला एक बिलगलेले, मोत्यासारखे. काकांचे मूळचे दातही इतके सुंदर नव्हते.

आत्या सेट घेऊन घरी आली. काकूंनी आरसा धरला. काका बघतच राहिले. मग घसा साफ करून, खास आवाज लावून त्यांनी पहिला शब्द उच्चारला, “सेट!”

‘स’बरोबर अशी लांबलचक शिट्टी वाजली की शेजाऱ्यांचा कुत्रा दारात येऊन उभा राहिला.

“पुन्हा म्हण,” आत्या हळूच म्हणाली.

“सकाळी… सगळे… सभागृहात…” तीन शिट्ट्या. कुत्रा शेपटी हलवत आत आला आणि काकांच्या पायाशी बसला.

काकूंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. आत्या हसली नाही. काकांनी सेट काढला, वाटीत ठेवला आणि तोंडावर हात धरून म्हणाले, “त्यांना फोन करून टाक. परवा मी येत नाही.”

आत्याने वाटी उचलली. “चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मेणातच पकडली असती. तू घरचा म्हणून लाड केले. आता दुसऱ्यांसारखं वागवते. चल लॅबला.”

“मी नाही येत.”

“मग हा कुत्रा घेऊन जाते. तो तरी चल म्हटल्यावर येतो.”

काकूच पुढे झाल्या. “अहो, उठा. वन्सं एवढं म्हणतायत. नाहीतर जन्मभर या कुत्र्याशीच बोलावं लागेल.”

लॅबमध्ये आत्याने त्यांना आपल्याच स्टुलावर बसवलं. सेटच्या आत, वरच्या पुढच्या दातांमागे मऊ मेणाचा पातळ थर लावला आणि म्हणाली, “साठपासून सुरू कर.”

“मी काय बालवाडीत बसलोय?” शिट्टी.

“बरं, मग तुझा तास घे. माझा राहिलाय.”

काका थबकले. जबड्यांच्या फळीकडे बघितलं. वर्ग भरलेला होताच. मग सुरू झाले.

या शब्दाचं मूळ एकच नाही, म्हणाले. एक जुनं इंग्रजी मूळ, त्याचा अर्थ बसायला लावणं. आत्याने ऐकता ऐकता हात पुढे केला, सेट काढला, मेण किंचित खरवडलं, परत दिला. “म्हणजे बसवणं. दात बसवणं.”

“बरोबर! मोडलेलं हाड बसवतात, तेही सेट. आपला सूर्य मावळतो तिथे इंग्रजांचा खाली बसतो, तेही सेट. सिमेंट घट्ट होतं ते सेट, घड्याळाचा गजर लावला तो सेट.”

“थांब. ‘स’ अजून वाजतोय. काढ.” पुन्हा खरवडलं. “आणि हा चहाच्या कपांचा सेट असतो तो? तोही बसवलेलाच?”

काका स्टुलावरून अर्धे उठले. हा प्रश्न त्यांना दर वर्षी एखाद्याच पोराने विचारलेला. “तिथेच गंमत आहे! तो दुसऱ्या घराण्यातला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ मागोमाग जाणारे, एका पंथाचे लोक. दोघं दिसायला सारखे, म्हणून एकाच नावावर एकत्र नांदायला लागले. आता कोण कुठला हे त्यांनाही सांगता येत नाही.”

“म्हणजे मी दात सेट करते तेव्हा एक घराणं, आणि दातांचा सेट म्हणते तेव्हा दुसरं?”

“शाबास!”

“दादा,” आत्या मेणाचा चाकू खाली ठेवत म्हणाली, “आत्ता काय म्हणालास?”

“शाबास म्हणालो.”

“शिट्टी नाही वाजली.”

काकांनी पुन्हा म्हणून बघितलं. सेट, सूर्य, सिमेंट, सदुसष्ट. सगळं स्वच्छ. आत्याने तो मेणाचा आकार जसाच्या तसा ॲक्रिलिकमध्ये उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश करताना कुणालाही हात लावू दिला नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. आत्या शेवटच्या रांगेत बसून भावाचे ‘स’ ऐकत होती. एकही वाजला नाही. काकांनी हाड बसवलं, सूर्य मावळवला, दोन्ही घराणी एकत्र नांदवली. तास संपल्याची घंटा मुद्दाम वाजवली गेली, तरी कोणी उठलं नाही. मग काका म्हणाले, “या वर्गातल्या एका मुलीचा दाढदुखीमुळे हा तास चुकला होता. तिचा तास परवा झाला. पास आहे.” आत्याने ओठ घट्ट मिटले, पण हसू फुटलंच.

हल्ली काका सकाळी उठल्यापासून बोलत असतात. भाजीवाल्याला ‘बीट’ शब्दाचं मूळ सांगून झालंय. शेजाऱ्यांचा कुत्रा मधूनमधून आशेने दारात येतो आणि निराश होऊन परत जातो. काकूंनी परवा आत्याला फोन केला. “वन्सं, ते मेण अजून शिल्लक आहे का?”

“का हो वहिनी?”

“दुपारची झोप तेवढी होऊ दे. खालचे दात वरच्यांना चिकटवायला थोडंसं हवंय.”