पाल्याला औषध म्हणत नाहीत

सहा आठवडे झाले. दुकान उघडून पहिल्याच गिऱ्हाइकाला साखरेच्या आजाराच्या गोळ्या देत होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, आई गेली." ताईही त्याच गोळ्या घ्यायची. जेवणाआधी की नंतर, हे मी त्या माणसाला नीट समजावून सांगितलं आणि मग शटर ओढलं. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर दवाखान्याच्या बाकांवर बसून बसून आम्ही सगळेच थकलो होतो, आणि ताई सगळ्यांत जास्त.

खालापुरात माझं औषधांचं दुकान आहे. ताईचं सासर कर्जतजवळच्या खेड्यात. कधीही जा, चुलीवर तिचा छोटा टोप उकळत असायचा. त्यात गुळवेल, जांभळाच्या बिया आणि बांधावरून तिनेच खुडून आणलेला तिसरा एक पाला. "हे तिसरं काय गं?" मी विचारायचो. "नाव नाय सांगायचं रं. सांगितलं का गुन जातो." मी तिची टिंगल करायचो आणि चहा पिऊन निघायचो. मधूनच तिला दरदरून घाम सुटायचा, हातपाय लटपटायचे. आम्ही म्हणायचो, उपास फार करते.

साखरेने तिच्या किडन्या धरल्या, तेव्हापासून तिला दवाखान्यात मीच न्यायचो. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "आणखी काही औषध घेता?" ताई म्हणायची, "नाय." शेजारी बसून मीही "नाही" म्हणायचो. खोटं बोलतोय असं दोघांनाही कधी वाटलं नाही. औषध म्हणजे माझ्या दुकानातलं. चुलीवरचा तो नुसता पाला. आमच्याकडे पाल्याला कुणी औषध म्हणत नाही. पण ताईचं सोडा, मला तरी कळायला हवं होतं की नाही?

या वर्षी नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी विचारलं, "मावशी, झाडपाला वगैरे घेता का?" ताईचा चेहरा खुलला. "तो तं रोजच घेते, बाई!" बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या आणि काढा मिळून साखर एकदम उतरत असेल, घाम त्याचाच असेल. काही पाला अशा किडनीला सोसत नाही, काही चालतोही. नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. तोवर काढा बंद ठेवा. ताईने रिपोर्ट पिशवीत भरले आणि नाव न सांगताच उठली.

परतताना एसटीत मी तिच्यावर भडकलो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंग तू का नाय बोललास इतकी वर्सं? तुला दिसत व्हता की टोप."



पुढच्या तारखेआधीच तिला ॲडमिट करावं लागलं. ती घरी आलीच नाही. त्या पाल्याने किती बिघडवलं, की मुळीच नाही, हे बाईंनाही सांगता आलं नाही. माझ्या डोक्यात मात्र तेच घोळत राहतं.

दिवसकार्य झाल्यावर भाचीने ताईची दवाखान्याची पिशवी माझ्याकडे दिली. रिपोर्टांच्या खाली लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी निघाली. आत सुकून काळा पडलेला पाला. भाची म्हणाली, "डॉक्टरबाईंना दाखवायला आईने बांधून ठेवला होता. म्हणाली, गुन गेला तं जाऊ दे."

ती पिशवी आता दुकानात, माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर आहे. साखरेच्या गोळ्या न्यायला कुणी आलं की मी विचारतो, "पाला घेता का?" बहुतेक जण सहज हो म्हणतात.

इतकंच विचारायला हवं होतं गं, ताई.