आबांची पट्टी

अंथुर्ण्याजवळच्या आमच्या रानात मुक्कामी पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि पोहायला एक छोटा तलाव आहे. तलावाचं काम माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, आपणहून अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी ते तपासणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवायचे, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचे आणि त्याप्रमाणे आम्ल किंवा क्लोरीन टाकायचे.

यंदा उन्हाळ्यात तीन पाहुण्यांचे डोळे चुरचुरून लाल झाले. मी तलाव बंद केला. मला भीती होती ती बोअरच्या पाण्याची. तलाव त्याच पाण्याने भरायचा आणि तेच आम्ही प्यायचो. आबा म्हणाले, "पट्टी तर बरोबर दाखवती." तरी तपासणीचं नवीन काहीतरी घ्यावं म्हणून मी त्यांना घेऊन बारामतीला तलावाच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदाराने तपासणीची दोन-तीन साधनं काढली. थेंब टाकून रंग जुळवायचा संच पट्टीपेक्षा नेमका, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने एका नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि ती आबांच्या हातात दिली.

"बोला आबा, कशाशी जुळतंय?"

आबांनी नळी उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, तूच बघ."

"चष्मा विसरलात का?"

"चष्मा डोळ्यावरच हाय. मला ह्यातला नारिंगी कंचा अन् लाल कंचा, कळत न्हाय. ल्हानपणापासनं."

"मग इतके दिवस पट्टी कशी बघत होता?"

"अंदाजानं," ते म्हणाले. "तुझ्या सासूबाईंना तेवढं ठाऊक व्हतं. बाकी कुणाला सांगावंसं वाटलं न्हाय."

मला राग यायला हवा होता. पण दोन दिवस छातीवर असलेलं ओझं तिथल्या तिथे उतरलं. बोअर नासली नव्हती. पाण्यात आम्ल कमी-जास्त पडत होतं, एवढंच.

दुकानदाराने काही न विचारता रंगांचा संच बाजूला सारला आणि पेनासारखं एक यंत्र पुढे केलं. पाण्यात बुडवलं की आम्लाचा अंदाज देणारा आकडा दिसतो, तो साडेसातच्या आसपास हवा; मधूनमधून ते जुळवून घ्यावं लागतं, एवढंच. क्लोरीनसाठी त्याने वेगळा संच दिला. त्यात पाणी गुलाबी होतं आणि रंग पुरता जाईपर्यंत थेंब मोजायचे.

"रंग गेल्याला तर मला दिसतोय," आबा म्हणाले. घ्यायचं काय ते तिथेच ठरलं.

घरी येऊन यंत्र बुडवलं, तर आम्ल फारच झालं होतं. ते पूर्वपदावर आणायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना काठावरून आबांचा आवाज आला, "सात पॉइंट चार." मी बाहेर आले तेव्हा ते पायजमा वर करून, पाण्यात पाय सोडून बसले होते.

"चहा हितंच आण," ते म्हणाले.