वाणात मागितलेला डबा

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्या उन्हाळ्यात अधिक महिना होता. धोंड्याच्या जेवणाला मी आणि बायको लाखनीला सासऱ्यांकडे गेलो. हायवेला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान, मागे पत्र्याच्या दोन खोल्या. दुकानाला लागूनच्या खोलीत बाजेवर सासऱ्यांची म्हातारी आत्या. आम्ही सगळे तिला आजी म्हणत असू.

आजी मुक्या सिनेमात नटी होती. चौदा-पंधराव्या वर्षी घरातून पळून गेलेली. पुढे बोलपट आले, तिच्या तोंडून झाडीबोली निघाली, स्टुडिओतली माणसं हसली आणि तिचं काम संपलं. घरात कुणाला हे खरं वाटत नसे. आजीच्या बाता, म्हणायचे. पुरावा एकच होता, बाजेखालचा गोल पत्र्याचा डबा. त्यातली फिल्म कुणी कधी पाहिली नव्हती.

त्या दुपारी मी तिच्या खोलीत पाऊल टाकलं आणि वासानेच कळलं, डब्यातली फिल्म सडली होती. जवाहरनगरच्या कारखान्यात माझी उमर बारुदीत गेली. गेटवर काडेपेटीसुद्धा काढून घेतात तिथे. जुनी फिल्म आणि आमची बारूद जवळजवळ एकाच मालाची. ती सडली की उन्हाच्या तापानेही पेटते. वर पत्रा तापलेला, भिंतीपलीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या आणि बाजेवर आजीच्या कुशीत माझी दोन वर्षांची मुलगी झोपलेली.

सासऱ्यांना सांगावं, तर ते डबा उचलून कचऱ्याच्या आगीत फेकणार. बंद डबा आगीत पडला की बॉम्बच.

जेवण झाल्यावर आजीने विचारलं, "जवाईबापू, वाणात काय देऊ तुमाले?"

लग्नातही मी काही मागितलं नव्हतं. म्हणालो, "तो डबा द्या."

"काहून?"

"खराब होऊन राहिला, आजी. साफ करून आणतो."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर मी तेव्हाच मागितलं. त्याची लाज मला अजून वाटते.

"बाकीच्या साऱ्या फिलमी त्यातल्या चांदीसाठी गाळल्या कंपनीवाल्यायनं," ती म्हणाली. "हे येकच रायली." आणि तिने स्वतःच्या हाताने डबा ओढून दिला.

ओल्या पोत्यात गुंडाळून मी तो आटलेल्या तलावावर नेला. आत तपकिरी, चिकट लगदा होता. एक कड सुटी करून उन्हात धरली. चेहरा सोडा, बोटभर चित्रही उरलं नव्हतं. लगदा चिखलपाण्याच्या कडेला ओतून लांब काठीने पेटवला. फुस्स करून जाळ उठला. घाबरून काठीनेच पाण्यात लोटला, तर तो पाण्याखालीही जळत राहिला.

आठ दिवसांनी रिकामा डबा परत दिला. आजीने झाकण उघडून नाक आत घातलं. रागावली नाही.

"तुमी तरी पाह्यली ना? कशी दिसत होती मी?"

"लय सुंदर, आजी."

"काय करून रायली होती?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "हासत होत्या," म्हणालो.

तिने झाकण लावलं, डबा बाजेखाली सरकवला.

"त्या फिलमीत मी येकदाबी हासत नाही, जवाईबापू."